डाव्या बुटातले अठरा ग्रॅम

१. वाकला

बूट वाकला आणि तपासनीस बाईंनी सहीसाठी उघडलेलं पेन खाली ठेवलं.

वाकायला नको होता. शर्यतीचे हे नवे बूट वरून लोण्यासारखे मऊ असले तरी आतून महाहट्टी असतात. तळाच्या जाड, हलक्या फोममध्ये कार्बनची एक पातळ वक्र पट्टी दडवलेली असते. ती आत असेपर्यंत बूट चवड्यापाशी दुमडत नाही, मग तुम्ही अंगठे मोडून घ्या. उजवा तसाच ताठ होता. डावा मात्र भिजल्या पुठ्ठ्यासारखा मुकाट दुमडला.

नेमून दिलेलं काम खरं तर संपलं होतं. पहिल्या तिघींचे बूट ताब्यात घ्यायचे, तळाची जाडी मोजायची, चाळीस मिलिमीटरपेक्षा केसभर जास्त भरली तर नोंदवायची, वजन करायचं, सही ठोकायची. जाडी बरोबर होती. दोन्ही बुटांचं वजन सारखं होतं. कागदावर सगळं आलबेल. वाकवून बघणं नियमात कुठेच नव्हतं. ती बाईंची खोड होती, आणि असल्या खोडींपायीच मैदानावर लोक त्यांना पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत.

बूट खारीचे होते. खार म्हणजे बावीस वर्षांची, काटकुळी, एका जागी दोन मिनिटं न ठरणारी पोरगी. तिचं खरं नाव तिला फक्त प्रवेशपत्रावर भेटायचं. आज सकाळच्या दहा किलोमीटरच्या निवड चाचणीत ती नऊ सेकंदांनी मागे पडली होती. परदेशातल्या स्पर्धेसाठी जागा एकच, आणि ती 'दुसरी'ला मिळाली. चार वर्षं खारीच्या मागोमाग येत राहिल्यामुळे जिचं नावच दुसरी पडलं, ती आज पहिली आली होती.

नियम असा होता: धावणारीच्या बुटात दुसऱ्या कुणी छेडछाड केल्याचं सिद्ध झालं, तर तिला परवा एकटीला पुन्हा धावायची संधी. वेळ दुसरीपेक्षा कमी भरली, तर जागा तिची. सिद्ध झालं नाही, तर निकाल कायम. निवड समिती दोन वाजता बसणार होती. अध्यक्षांनी फोनवर बाईंना एवढंच सांगितलं की दोनपर्यंत मला नाव हवं, कादंबरी नको.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.


२. पत्रक

बूट: डावा.

कसा उघडलेला: गरम हवेने डिंक मऊ करून. सुरी लावलेली नाही. कडेला ओरखडासुद्धा नाही. पुन्हा चिकटवलाय तोही असा, की नवा बूट लाजेल. (मला पुन्हा उघडायला पाऊण तास लागला.)

आत काय हवं: कार्बनची पट्टी. अठरा ग्रॅम.

आत काय आहे: चामड्याची पट्टी. त्याच आकाराची, त्याच बाकाची. अठरा ग्रॅम.

कुणाचं काम:

शेरा: चोर चोरी करतो, पण जाताना घर झाडून जात नाही.


३. एक खुर्ची, चार माणसं

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली वेळ मोजणाऱ्यांची एक खोली होती. छत एका बाजूला उतरतं, त्यामुळे उंच माणसाला तिरकं बसावं लागे. बाईंनी तिथेच टेबल मांडलं. बूट पकडून ठेवणारा लोखंडी शिकंजा, वजनकाटा, भिंग, आणि समोर एक खुर्ची.

पहिली आली दुसरी. बसली नाही. तिचं कपाट खारीच्या कपाटाला लागून, तिची किल्ली खारीच्या कुलपाला चालते हे सगळ्या पोरींना ठाऊक, म्हणजे संशय आपल्यावर येणार हे ती घरून शिकून आल्यासारखी बोलत होती.

"चार वर्षं मी तिच्या पाठीवरचा नंबर वाचत पळतेय," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा पुढचा रस्ता दिसला, तर तुम्ही मला चोर करताय. घ्या, माझेही बूट फाडून बघा."

बाईंनी तिला पाणी दिलं आणि शर्यतीबद्दल विचारलं. तेव्हा ती जरा निवली. सातव्या किलोमीटरला आपण पुढे गेलो, त्यानंतर शेवटपर्यंत खार मागे होती, आणि तिच्या डाव्या पायाचा आवाज येत होता, असं तिने सांगितलं. खार पळताना आवाज करत नाही, मांजर बरी. पण आज डावा पाय रस्त्यावर फटक फटक आपटत होता. आजच असं नाही, दोन-तीन आठवडे सरावातही तेच.

दुसऱ्या आल्या बूट बनवणाऱ्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या बाई. त्या वेगाच्या सरावाच्या दिवशी खारीला यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळवत, तोंडाला नळी लावून ती किती प्राणवायू वापरते ते मोजत. त्यांनी आधी एक गैरसमज दूर केला. पट्टी म्हणजे स्प्रिंग नव्हे. उसळी फोमची असते. पट्टी फक्त पायाची बोटं वाकू देत नाही आणि सगळा फोम एकजुटीने कामाला लावते. त्यातही प्रत्येकाच्या पायाला ती मानवते असं नाही. कुणाला दमडीचा फरक पडत नाही. खारीला मात्र शंभरात पाचाचा फायदा होतो. असा पाय आपण दुसरा पाहिला नाही, असं सांगताना त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तीन आठवड्यांपूर्वी तोच फायदा एकदम दोनावर आला होता.

मग तुम्ही काय केलं, असं बाईंनी विचारलं.

यंत्र बिघडलं म्हणून माणूस बोलावला. त्याने यंत्र खोलून बघितलं, ठीकठाक निघालं. बूट कुणी खोलून बघितला नव्हता.

तिसरा आला खारीचा बाप. तोच तिचा प्रशिक्षक. धंद्याने घोड्यांचा डॉक्टर, म्हणून मैदानावर त्याला घोडेडॉक्टर म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. तीस वर्षं शर्यतीचे घोडे सांभाळले, चाल बघून सांगतो कोण कधी पळणार, हे त्याने पहिल्या मिनिटातच सांगून टाकलं. बोटं सारखी गळ्यातल्या स्टॉपवॉचशी खेळत होती. चोर कोण हे त्याच्या लेखी ठरलेलं होतं. कारखान्यातला तो चिकटवणारा, डिंक्या. दर आठवड्याला खारीचा जोड तपासायला त्याच्याकडे जातो. महिन्यापूर्वी तो नको तिथे नाक खुपसायला लागला, म्हणून आपण त्याला मैदानावर पाय ठेवायची बंदी केली. त्याचा डूख धरला त्याने.

"पोरीने पंधरा वर्षं घाम गाळलाय," तो म्हणाला. "तुम्ही फक्त त्याचं नाव लिहा."

चौथा डिंक्या. पन्नाशीचा, बोटांच्या टोकांवर वाळलेल्या डिंकाचे पापुद्रे, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेला. बाईंनी उघडलेला बूट पुढे सरकवला. त्याने तो उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला, खाली ठेवला.

कुणी केलं हे, बाईंनी विचारलं. तो गप्प. असं काम या गावात दुसरं कुणी करू शकतं का? तो गप्प. नोकरी जाईल, पुन्हा कुठलाच कारखाना दारात उभा करणार नाही, हे कळतंय का? त्याने मान हलवली. कळत होतं.

उठताना मात्र त्यानेच एक प्रश्न विचारला.

"ती काही म्हणाली का हो? बुटाबद्दल?"


४. उलगडा

भिंगाखाली डाव्या बुटाच्या कडेला सुरकुत्या दिसत होत्या.

चवड्यापाशी, जिथे बोटं वाकतात तिथे, फोमवर सात-आठ खोल रेघा. उजव्यावर एकही नाही. अशा रेघा एका शर्यतीत पडत नाहीत. शंभरेक किलोमीटर तरी बूट तिथे पुन्हा पुन्हा दुमडला पाहिजे. आणि पट्टी असताना तो दुमडत नाही.

म्हणजे पट्टी आज सकाळी निघाली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी निघाली होती. आज सकाळी कपाटाशी कोण घुटमळलं हा प्रश्नच बाद. आणि दर आठवड्याला जोड तपासणाऱ्या डिंक्याला दुसऱ्या कुणाचं काम दिसलंच असतं. दुसरी सुटली.

पण मग पुढचं ओघाने आलं, आणि ते बाईंना आवडलं नाही. नाडी एक भोक घट्ट झाली तरी खार सरावातून थांबते, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तीन आठवडे पायाखाली पट्टीऐवजी चामडं होतं, आणि तिला कळलं नाही? शक्य नव्हतं. तिला ठाऊक होतं. डिंक्याने तिच्याच सांगण्यावरून हे केलं होतं, म्हणून तो तोंडाला कुलूप लावून बसला होता. हरलं तर परवा पुन्हा पळायला मिळावं, म्हणून पोरीने आधीच पळवाट खणून ठेवली होती.

हे असं लिहिलं, तर खार नुसती हरणार नव्हती. दोन वर्षांची बंदी होती त्याला.

बाईंनी पत्रकावर 'कुणाचं काम' याच्यापुढे खारीचं प्रवेशपत्रावरचं नाव लिहिलं. मग तिला आत बोलावलं.


५. उलगडा, खोडलेला

खार अनवाणीच आली. बूट जप्त होते, आणि दुसरे घालायचं तिच्या डोक्यातच आलं नसावं. बाई शिकंजा सोडवत होत्या. त्याचा एक स्क्रू निसटला, टेबलावरून घरंगळला आणि खाली पडला. बाईंनी तो शोधला नाही. प्रश्न ठरलेला होता.

"खार, पट्टी कधी काढून घेतलीस?"

ती टेबलाशी येऊन उभी राहिली. तिला प्रश्नच कळला नाही. मग कळला, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला. आपण कशाला काढू, ती म्हणाली. तीन आठवडे पाय जड पडतोय म्हणून बाबांकडून रोज बोलणी खातेय. बाबा म्हणतात तू आळशी झालीस. आपल्याला वाटलं, झाले असू.

ती खोटं बोलतेय की काय, हे बघायला बाई तिचा चेहरा न्याहाळत होत्या. आणि मग, का कोण जाणे, त्यांची नजर खाली गेली.

खार नेहमीसारखी जागच्या जागी हलत होती, या पायावरून त्या पायावर. तिने भार डाव्यावर दिला. डावा चवडा स्क्रूवर होता. टोक वर होतं.

ती बोलत राहिली. पायाचा आवाज आपल्यालाही ऐकू येतो म्हणाली. शेवटच्या दोन किलोमीटरला वाटलं, हा पाय कुणा दुसरीचाच आहे. तिने पाय उचलला तेव्हा स्क्रू तळव्यात रुतून वर आला, आणि फरशीवर रक्ताचा एक थेंब पडला. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. गुडघ्यावर बसून स्क्रू काढला. मग त्याच टोकाने तिच्या अंगठ्याला, बोटांना, चवड्याला हलकेच टोचत गेल्या. प्रत्येक वेळी वर बघत गेल्या. काहीच नाही.

"हा पाय कधीपासून बधिर आहे?"

बधिर नाही काही, खार म्हणाली, आजच्यापुरता आहे. वेगाच्या सरावाच्या दिवशी आणि शर्यतीच्या दिवशी बाबा घोट्यापाशी एक सुई देतात, आणि हे बूटही तेवढ्याच दिवशी पायात असतात. सुजेची. त्याने पाय संध्याकाळपर्यंत झोपतो. सगळ्याच घेतात, बाबा म्हणाले. सूज कशाची, ते तिने विचारलं नव्हतं. बाबा डॉक्टर होते.

बाईंनी पत्रकावरचं नाव खोडलं. इतकं दाबून खोडलं की कागद फाटला.


६. डिंक्या काय म्हणाला

(बाहेरच्या पायऱ्यांवर. एक वाजून वीस मिनिटं. बाईंनी फक्त एवढंच सांगितलं होतं की तिचा पाय बधिर केलेला होता, तिला काहीच जाणवलं नाही.)

"तरीच.

"बूट बोलतो हो बाई. डावा तळ बाहेरच्या कडेला झिजायला लागला, तेव्हाच समजलं, पोर अंगठ्याकडची बाजू वाचवतेय. आत हाड दुखतंय. ताठ पट्टी असली की बोटं वाकत नाहीत, सगळा दाब वर मधल्या हाडावर जातो. एका पोराचं असं मोडलेलं बघितलंय मी. काडकन. तो आता पळत नाही.

"तिच्या वडलांना सांगितलं. म्हणाले, तू तुझा डिंक सांभाळ. आणि मला हाकललं. तिला गाठायची सोयच उरली नाही.

"मग पट्टी काढली. वजन सारखं ठेवलं, म्हणजे वजनाच्या फरकाने ती कुठे पाय मुरगळून घेणार नाही. मी म्हटलं, पहिल्याच दिवशी पावलागणिक कळेल तिला. कळल्यावर ती काय गप्प बसणारी आहे? तणतणत येईल, माझ्या नावाने शंख करेल, आणि तेव्हा मी तिला समोर बसवून सगळं सांगेन. भांडायला येईल म्हणून वाट बघत होतो. एक आठवडा गेला. दुसरा गेला. बूट यायचा, ती यायची नाही.

"परत घालायला हात धजला नाही. पाय मोडायला मीच मदत करायची?

"लिहा माझं नाव. चुकलोच आहे."


७. समिती

दोन वाजता लांब टेबलामागे पाचजण बसले. समोर घोडेडॉक्टर, त्याच्या शेजारी खार, भिंतीशी डिंक्या, दारात दुसरी, निम्मी आत निम्मी बाहेर.

बाईंनी बूट, चामड्याची पट्टी आणि स्क्रू टेबलावर ठेवून सगळं क्रमाने सांगितलं: सुरकुत्या, प्राणवायूचा आकडा, पायाचा आवाज, सुई.

घोडेडॉक्टर शांतपणे ऐकत होता. शेवटी तो म्हणाला की सुई नियमाबाहेरची नाही, हवं तर यादी तपासा. आणि बूट या माणसाने उघडला, हे याने कबूल केलंय. म्हणजे छेडछाड सिद्ध झाली. परवा पुन्हा शर्यत. नवा जोड, दोन्ही पट्ट्यांसह.

अध्यक्षांनी नियमावली चाळली आणि मान डोलावली. त्याचं बरोबर होतं. बाईंनी अडीच तास खपून, एकेक टाका जुळवून त्याच्याच हातात शर्यत नेऊन दिली होती. परवा त्या ठणठणीत ताठ बुटात खार जिंकलीही असती. बधिर पायाने.

"तुमच्या दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र असेल ना?" बाईंनी विचारलं.

स्टॉपवॉचशी खेळणारी बोटं थांबली.

कधी काढलात, हा प्रश्न बाईंनी दोनदा विचारला. पाच आठवडे झाले, असं तो शेवटी म्हणाला. एक रेघ आहे, केसाएवढी. घोट्याच्या पुढच्या हाडात. चाचणी झाली की दोन महिने अंथरुणावरून उठू देणार नव्हतो तिला, आईशपथ. पाचच आठवडे काढायचे होते. पंधरा वर्षांपुढे पाच आठवडे म्हणजे काय.

खार त्याच्याकडे बघत होती. पाय हलायचा थांबला होता.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "घोड्याच्या हाडात अशी रेघ असती, आणि ही सुई देऊन तुम्ही त्याला पळवला असतात, तर?"

अध्यक्षांनी घसा खाकरला, पण प्रश्न मागे घ्या असं काही ते म्हणाले नाहीत.

"परवाना गेला असता," घोडेडॉक्टर म्हणाला.

पुन्हा धावायचं असेल तर धावणारीने स्वतः अर्ज करायचा असतो. अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. बापाने सवयीने पेन काढून टोपण उघडलं आणि लेकीसमोर धरलं. खारीने कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग कोराच परत सरकवला. पेन तिने घेतलं नाही, त्याला टोपण मात्र लावून दिलं.

अध्यक्षांनी निकाल वाचून दाखवला. जागा दुसरीची. डिंक्याला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर. घोडेडॉक्टरची तक्रार त्याच्या पशुवैद्यकांच्या परिषदेकडे. बाईंनी पत्रकावर 'कुणाचं काम' याच्यापुढे डिंक्याचं नाव लिहिलं, कारण ते खरं होतं, आणि शेऱ्याच्या जागेत बाकीचं सगळं लिहिलं. जागा पुरली नाही. मागची बाजूही भरली.

खार उठली ती आधी भिंतीपाशी गेली.

"काका, भांडायला आले नाही. चुकलं माझं."

डिंक्या आपल्या बोटांवरचे पापुद्रे सोलत राहिला.

दारात दुसरी होती. रडत होती, आणि का ते तिलाही सांगता आलं नसतं. आता तरी पहिल्यासारखी वाग बाई, असं खार तिला म्हणाली, आणि दोघी कशाबशा हसल्या.

घोडेडॉक्टरने पोरीची बॅग खांद्याला लावली होती. दवाखान्यात न्यायला हवं, माणसांच्या, हे त्याचं तोच म्हणाला. नेहमीप्रमाणे तो झपाझप दोन पावलं पुढे गेला आणि वळून थांबला, ती आली की नाही ते बघायला.

"तुम्ही व्हा पुढे, बाबा," खार कठड्याला धरत म्हणाली. "मी सावकाश येते."